विश्लेषण : विजेतेपदापासून चौथ्या श्रेणीपर्यंत… बुर्सास्पोरला नेमके कोणी बुडवले?

तुर्कीतील फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीतील सामन्याला ४० हजारांहून अधिक प्रेक्षक! २०२४-२५ च्या हंगामात बुर्सा शहरात हे दृश्य एकदा नव्हे, अनेकदा दिसले. युरोपातील कित्येक देशांच्या अव्वल साखळीत एवढी गर्दी जमत नाही. समाजमाध्यमांवर या गर्दीच्या चित्रफिती फिरल्या, ‘खरे प्रेम’ म्हणून कौतुक झाले. पण २०१० मध्ये तुर्कीचा विजेता ठरलेला आणि त्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी खेळलेला संघ १४ वर्षांत चौथ्या श्रेणीत पोहोचलाच कसा, हा प्रश्न त्या कौतुकात झाकला गेला.

बुर्सास्पोरचा जन्म कसा झाला?

बुर्सा हे वायव्य तुर्कीतील, उलुदाग पर्वताच्या पायथ्याचे शहर. ऑटोमन साम्राज्याच्या सुरुवातीच्या काळातील राजधानी, रेशमाच्या व्यापाराची जुनी पेठ आणि गेल्या अर्धशतकात मोटारींचे गाव. रेनो आणि फियाट या दोन्ही कंपन्यांच्या मोटारी तुर्कीत येथेच तयार होऊ लागल्या. लोकसंख्येच्या दृष्टीने देशातील चौथ्या क्रमांकाचे हे शहर इस्तंबूलपासून मार्मारा समुद्राच्या पलीकडे, काही तासांच्या अंतरावर आहे. इतके जवळ, की इस्तंबूलची सावली कायम अंगावर.

१ जून १९६३ रोजी बुर्सातील पाच छोटे क्लब एकत्र करून बुर्सास्पोरची स्थापना झाली. ही काही स्थानिक हौस नव्हती. व्यावसायिक फुटबॉल इस्तंबूल, अंकारा आणि इझमिरपुरताच मर्यादित राहू नये, यासाठी तुर्की फुटबॉल महासंघाने त्याच सुमारास दुसरी श्रेणी सुरू केली आणि प्रत्येक शहराने आपले विखुरलेले क्लब मोडून एकच तगडा संघ उभा करावा, असा आग्रह धरला. एस्किशेहिरस्पोर, कोजाएलीस्पोर, साम्सुनस्पोर, त्राब्झोनस्पोर हे त्याच दशकातील संघ. शहराचे नाव आणि मागे ‘स्पोर’, ही नावांची पद्धत रूढ झाली ती तेव्हापासून.

बुर्सास्पोरचे रंग हिरवा आणि पांढरा. हिरवा रंग ‘हिरव्या बुर्सा’चा आणि पांढरा उलुदागवरील बर्फाचा, असे तेथील लोक सांगतात. टोपणनाव ‘हिरव्या मगरी’. १९६७ मध्ये संघ अव्वल श्रेणीत आला. १९७४-७५ च्या युरोपीय कप विनर्स चषकात त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि पुढे तो चषक जिंकलेल्या डायनॅमो कीव्हकडून तो हरला. १९८६ मध्ये इझमिरच्या अल्ताय संघाला नमवून तुर्की चषक पटकावला. बाकी बराच काळ गुणतालिकेच्या मधल्या पट्ट्यात. २००४ मध्ये तर संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि दोन वर्षांनी परतला.

इस्तंबूलची मक्तेदारी किती घट्ट?

तुर्कीची राष्ट्रीय साखळी १९५९ मध्ये सुरू झाली. २०२५ पर्यंतच्या ६७ हंगामांपैकी ५९ विजेतेपदे इस्तंबूलमध्येच राहिली. त्यातही बाशाकशेहिरचे २०२० मधील एक सोडले तर बाकी सगळी गलातासराय, फेनरबाहचे आणि बेशिक्ताश या तिघांची. उरलेल्या आठपैकी सात त्राब्झोनस्पोरची आणि एक बुर्सास्पोरचे.

हे केवळ मैदानावरील गुणवत्तेचे प्रतिबिंब नव्हे. या तिघांचे चाहते देशाच्या कानाकोपऱ्यात आहेत. अनातोलियातील एखाद्या गावात स्वतःच्या शहराच्या संघाआधी गलातासरायचा झेंडा दिसतो. प्रायोजक, वृत्तपत्रांची पाने आणि चित्रवाणीवरील चर्चा त्याच दिशेने वाहतात. बुर्सास्पोर अव्वल श्रेणीत होता त्या काळात प्रसारण हक्कांच्या उत्पन्नातील एक ठरावीक वाटा पूर्वी जिंकलेल्या विजेतेपदांच्या संख्येनुसार वाटला जाई. जो आधी जिंकला त्याला जास्त पैसे, म्हणजे पुढेही तोच जिंकण्याची शक्यता जास्त. अशा व्यवस्थेत मधल्या फळीतील संघाने वर येणे अपवादच ठरणार.

१६ मे २०१० रोजी काय घडले?

२००९-१० चा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा फेनरबाहचेचे ७३ आणि बुर्सास्पोरचे ७२ गुण होते. फेनरबाहचेने घरच्या मैदानावर त्राब्झोनस्पोरला हरवले की विषय संपला. बुर्सास्पोरसमोर मावळता विजेता बेशिक्ताश होता. बुर्सास्पोरने तो सामना २-१ असा जिंकला. तिकडे त्राब्झोनस्पोरच्या बुराक यिल्माझच्या गोलमुळे फेनरबाहचे १-१ अशा बरोबरीत अडकले. अंतिम हिशेब ७५ विरुद्ध ७४.

पण फेनरबाहचेच्या स्टेडियममध्ये हा हिशेब बराच उशिरा पोहोचला. बुर्सातील सामना २-२ असा बरोबरीत सुटल्याची चुकीची घोषणा तेथे ध्वनिक्षेपकावरून झाली. प्रेक्षक मैदानात घुसले, खेळाडूंनी जल्लोष सुरू केला. विजेतेपद दुसऱ्याच शहरात गेल्याचे कळल्यावर त्याच जल्लोषाचे संतापात रूपांतर झाले आणि स्टँडमधील खुर्च्या पेटल्या. तुर्कीच्या फुटबॉलमध्ये एवढी क्रूर चूक पुन्हा झालेली नाही. बुर्सात मात्र लोक रात्रभर रस्त्यावर होते. १९८४ नंतर प्रथमच विजेतेपद इस्तंबूलबाहेर गेले होते.

हा संघ कोणी घडवला? प्रशिक्षक एर्तुग्रुल साग्लाम. त्यांच्या नावावर त्याआधी एक बोचरा पराभव होता. २००७ मध्ये ते बेशिक्ताशचे प्रशिक्षक असताना लिव्हरपूलने त्या संघाला चॅम्पियन्स लीगमध्ये ८-० असे धुतले होते. बुर्सात त्यांनी मोठ्या नावांच्या मागे न लागता मोजक्या परदेशी आणि भुकेल्या तरुण स्थानिक खेळाडूंची मोट बांधली. गोलरक्षक बल्गेरियाचा दिमितर इव्हानकोव्ह पेनल्टीही मारत असे. मधल्या फळीत अर्जेंटिनाचा पाब्लो बाताया आणि सर्बियाचा इव्हान एर्गिच. हा एर्गिच वेगळाच गडी. बेलग्रेडच्या ‘पोलितिका’ या दैनिकात तो स्तंभ लिहीत असे आणि फुटबॉलला गिळणाऱ्या पैशाच्या बाजारावर त्यातून टीका करत असे. सोबत वोल्कान शेन, सेर्जान यिल्दिरिम, ओझान इपेक ही तरुण मंडळी. स्वस्तात उभा केलेला, नीट शिकवलेला संघ. पुढे क्लबने नेमकी हीच रीत सोडली.

युरोपातील धडा काय होता?

चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड, व्हॅलेन्सिया आणि ग्लासगोचा रेंजर्स अशा गटात बुर्सास्पोरची वर्णी लागली. सहा सामन्यांत पाच पराभव, एक बरोबरी; दोन गोल केले, १६ स्वीकारले. व्हॅलेन्सियाने १-६ असा निकाल दिला तेव्हा हसे झाले. तरी त्यात लाजिरवाणे फारसे काही नव्हते, पहिल्यांदाच मोठ्या दारात उभ्या राहिलेल्या संघाचे असेच होते. देशातील साखळीत त्या हंगामातही बुर्सास्पोर तिसरा आला होता. म्हणजे पाया भक्कम होता. धोका वेगळाच होता. एकदा त्या दारातून आत जाऊन आलेल्या क्लबला पुन्हा तेथे पोहोचण्याची घाई होते आणि घाई म्हटली की तिला उधारी लागतेच.

घसरण नेमकी कोठून सुरू झाली?

तारीख शोधायचीच तर २०१५ चा उन्हाळा. शेनोल गुनेश यांच्या मार्गदर्शनाखाली २०१४-१५ मध्ये बुर्सास्पोर पुन्हा आकर्षक फुटबॉल खेळत होता. ब्राझीलचा फर्नांदाओ २२ गोलांसह साखळीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. संघ तुर्की चषकाच्या अंतिम फेरीत गलातासरायकडून ३-२ असा हरला, पण शहरात पुन्हा स्वप्ने पडू लागली होती.

आणि मग एकाच उन्हाळ्यात संघ मोडला. फर्नांदाओ, वोल्कान शेन, ओझान तुफान आणि शेनेर ओझबायराक्ली हे चौघे फेनरबाहचेकडे गेले. प्रशिक्षक गुनेश बेशिक्ताशकडे गेले आणि तेथे त्यांनी लागोपाठ दोन विजेतेपदे जिंकली. बुर्सास्पोरच्या प्रबोधिनीत घडलेला आणि २०१३ मध्ये वयाच्या १६ व्या वर्षी गलातासरायविरुद्ध गोल करणारा एनेस उनाल मँचेस्टर सिटीला विकला गेला. अव्वल संघाकडे चांगला खेळाडू जाणारच, हे मान्य. पण अशा विक्रीतून आलेला पैसा तशीच पुढची फळी उभारण्यात गेला असता तर ती व्यवस्था म्हणता आली असती. बुर्सात दरवर्षी नवा प्रशिक्षक, नवे परदेशी खेळाडू आणि नवे करार एवढेच दिसत राहिले.

विरोधाभास असा की त्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, मगरीच्या आकाराचे नवे स्टेडियम सुरू झाले. क्षमता सुमारे ४३ हजार, बांधणारी महानगरपालिका. शहराच्या मध्यातील जुने अतातुर्क स्टेडियम सोडून संघ येथे आला. ‘तिमसाह अरेना’ म्हणजे ‘मगर अरेना’ हे त्याचे नावही फार काळ टिकले नाही. अध्यक्ष एर्दोगान यांना ‘अरेना’ हा शब्द खटकला आणि २०१७ मध्ये देशभरातील स्टेडियमच्या नावांतून तो हद्दपार झाला. मगरीचे डोके बरेच दिवस अपुरेच होते, आत खेळणारा संघ त्याहून अपुरा.

२०१९ मध्ये बुर्सास्पोर अव्वल श्रेणीतून बाहेर फेकला गेला. तुर्कीची साखळी जिंकलेल्या सहा क्लबांपैकी विजेतेपदानंतर खाली घसरलेला हा आजवरचा एकमेव क्लब. त्यानंतर २०२२ मध्ये तिसऱ्या श्रेणीत आणि २०२४ मध्ये चौथ्या. (नावांचा घोळ असा, की या चौथ्या श्रेणीला तुर्कीत ‘तिसरी लीग’ म्हणतात. सर्वात वरची ‘सुपर’, मग पहिली, दुसरी, तिसरी.) इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीही २०१६ च्या विजेतेपदानंतर सात वर्षांत खाली घसरला. पण त्याची पडझड आणि ही, यांत फरक आहे. लेस्टरकडे मालक आहे, ज्याला जाब विचारता येतो. बुर्सास्पोरकडे तसा कोणीच नव्हता.

कर्ज कोणाचे, दोष कोणाचा?

तुर्कीतील बहुतेक पारंपरिक क्लब कायद्याने संस्था आहेत, कंपन्या नव्हेत. सभासद सर्वसाधारण सभेत अध्यक्ष निवडतात. हे ऐकायला लोकशाहीचे आदर्श रूप वाटते. प्रत्यक्षात निवडणूक जिंकायची तर मोठ्या खेळाडूंची आश्वासने द्यावी लागतात आणि ती पुरी करण्यासाठी पुढच्या वर्षांचे उत्पन्न आजच गहाण पडते. अध्यक्ष बदलतो, कर्ज क्लबच्या नावावर राहते. नवा अध्यक्ष ‘हा वारसा आधीच्यांचा’ म्हणून हात झटकतो आणि स्वतः पुन्हा तेच करतो. अनेकदा अध्यक्ष स्वतःच क्लबला पैसे उसने देतो, म्हणजे उद्या तोच क्लबचा धनको!

त्यात लिराची घसरण. परदेशी खेळाडूंचे करार बहुधा युरोत, तिकिटे आणि प्रसारणाचे उत्पन्न लिरात. २०१० मध्ये एका युरोला साधारण २ लिरा मोजावे लागत. २०१८ च्या अखेरीस ६ च्या आसपास, तर २०२१ च्या अखेरीस १५ च्या घरात. चेंडूला पाय न लावताही कर्ज दुप्पट-तिप्पट होत गेले. थकलेले खेळाडू ‘फिफा’कडे दाद मागू लागले. देणी चुकती होईपर्यंत नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी आली, गुणकपातही सोसावी लागली. बंदीच्या काळात संघ प्रबोधिनीतील पोरांवर चालला. त्यांतील चांगली निपजलेली पोरे टिकली नाहीत. आघाडीवीर अली अकमान २०२१ मध्ये करार संपताच जर्मनीच्या आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडे गेला आणि क्लबच्या हाती काही लागले नाही.

बुर्सातील चाहत्यांच्या गप्पांत या सगळ्याचे खापर इस्तंबूलवर फुटते. पंच त्यांचे, महासंघ त्यांचा, प्रसारणाचे पैसे त्यांचे. यात तथ्य नाही असे नाही. पण ओल्ड ट्रॅफर्डवरून परतलेल्या क्लबच्या करारांवर इस्तंबूलमधील कोणी सह्या केल्या नव्हत्या. त्या बुर्सातच झाल्या, बुर्सातील सभासदांनी निवडून दिलेल्या माणसांकडून. आणि हा रोग एकट्या बुर्साचा नाही. एस्किशेहिरस्पोर हौशी विभागापर्यंत घसरला, गाझिआन्तेपस्पोर तर संपलाच. दोनदा तुर्की चषक जिंकलेला कोजाएलीस्पोर हौशी फुटबॉलमध्ये जाऊन २०२५ मध्ये कुठे अव्वल श्रेणीत परतला. साठच्या दशकात महासंघाने शहराशहरांत जे रोप लावले, त्याला हिशेबाचे कुंपण घालायचे राहून गेले.

ते घालण्याचा प्रयत्न एप्रिल २०२२ मध्ये झाला. क्रीडा क्लबांसंबंधीच्या नव्या कायद्याने उधारीला आधीच्या वर्षीच्या उत्पन्नाशी जोडून मर्यादा घातली आणि ती ओलांडणाऱ्या पदाधिकाऱ्यांना वैयक्तिक जबाबदार धरण्याची तरतूद केली. बुर्सास्पोरसाठी हा कायदा किमान दहा वर्षे उशिरा आला.

अमेदस्पोरविरुद्धच्या सामन्यात काय झाले?

बुर्सास्पोरची कहाणी ‘निष्ठावंत चाहते आणि नादान पदाधिकारी’ अशी सरळ मांडता आली असती तर बरे झाले असते. ५ मार्च २०२३ ही तारीख ते होऊ देत नाही. तिसऱ्या श्रेणीतील त्या सामन्यात पाहुणा संघ होता अमेदस्पोर, कुर्दबहुल दियारबाकिर शहराचा. ‘अमेद’ हे त्या शहराचे कुर्दी नाव. पाहुण्या खेळाडूंवर स्टँडमधून वस्तूंचा मारा झाला, वांशिक घोषणा झाल्या, धक्काबुक्की झाली. स्टँडमध्ये पांढऱ्या ‘तोरोस’ मोटारीचे चित्र फडकले आणि सोबत ‘येशिल’ या टोपणनावाने कुख्यात असलेल्या, कुर्दांच्या हत्यांशी नाव जोडल्या गेलेल्या हस्तकाचेही.

नव्वदच्या दशकात आग्नेय तुर्कीत कुर्द माणसांना घरातून उचलून नेणाऱ्या मोटारी म्हणून पांढऱ्या तोरोसची दहशत होती. नेलेल्यांपैकी अनेक जण परतले नाहीत. त्यामुळे ते चित्र म्हणजे खेळातील डिवचणे नव्हते. ती उघड धमकी होती. आणि रेनोची ही तोरोस मोटार तयार होत असे ती बुर्सातीलच कारखान्यात. बुर्सास्पोरने सामना २-१ असा जिंकला आणि नंतर प्रेक्षकांविना सामने खेळण्याची शिक्षा भोगली. स्टँडमधील सगळेच त्यात सामील होते असे नाही. पण तटबंदीत सापडलेल्या संघाभोवतीचे प्रेम किती सहज द्वेषाकडे वळते, हे त्या संध्याकाळी दिसले. क्लबच्या इतिहासातील ते पान गर्दीच्या चित्रफितींमध्ये मात्र कुठेच नसते.

तरीही ४० हजार लोक का आले?

कारण बुर्सात हा संघ म्हणजे शहराची ओळख आहे. कामगार वस्तीतील बापाने मुलाला दिलेली. ‘टेक्सास’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा पाठीराख्यांचा गट १९६० च्या दशकापासूनचा. अंकाराच्या अंकारागुजू संघाशी त्यांची जुनी मैत्री आहे. तुर्कीत वाहनांच्या पाटीवर अंकाराचा क्रमांक ०६, बुर्साचा १६. म्हणून बुर्सास्पोरच्या सामन्यात सहाव्या मिनिटाला अंकारागुजूच्या नावाची आरोळी उठते आणि अंकारागुजूच्या सामन्यात सोळाव्या मिनिटाला बुर्सास्पोरच्या. श्रेणी कोणतीही असो.

२०२४ मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत घसरला तेव्हा नव्या व्यवस्थापनाने जुनी देणी फेडून नोंदणीवरील बंदी उठवण्यावर भर दिला. शहरातील उद्योजक आणि सामान्य लोक पुढे आले. स्टेडियम भरू लागले. संघाने आपल्या गटात अव्वल राहून २०२५ मध्ये बढती मिळवली. अर्थात, चौथ्या श्रेणीतील इतर संघांच्या तुलनेत बुर्सास्पोरकडे एवढा पैसा आणि एवढे प्रेक्षक असताना बढती मिळाली नसती तरच नवल होते. खरी परीक्षा वरच्या श्रेण्यांत आहे, जेथे पुन्हा मोठी नावे, पुन्हा युरोतील करार आणि पुन्हा ‘या वर्षीच वर जायचे’ हा दबाव असेल. भरलेले स्टेडियम हीच त्या दबावाची सर्वात मोठी फौज असते, हे २०१५ नंतर बुर्साने पाहिले आहे.

२०१० चा संघ स्वस्तात, शांतपणे आणि स्थानिक पोरांना हाताशी धरून उभा राहिला होता. तो रस्ता संथ आहे आणि निवडणुकीच्या भाषणात त्याला टाळ्या पडत नाहीत. यापुढे कुवतीबाहेरच्या करारावर सही झाली तर २०२२ च्या कायद्यानुसार वसुली सही करणाऱ्याच्या घरापर्यंत जाऊ शकते. ती तेथवर नेण्याची वेळ आली तर किती सभासद सर्वसाधारण सभेत हात वर करतील, हे बुर्सात अजून दिसायचे आहे.